शून्याची बाटली

माझी आत्या पाण्यातलं विष शोधायची नोकरी करते, आणि इतकी वर्षं ज्या पाण्याला स्वच्छ धरून ती बाकीच्या सगळ्या पाण्यांची लायकी ठरवत होती, ते पाणी आमच्याच परसातल्या विहिरीचं होतं. सरळ लिहून टाकलं. आडवळणानं सांगायला गेले तर जीभच वळत नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "वेळ नाही मिळाला" म्हणते, जणू लग्न म्हणजे बँकेतलं राहून गेलेलं काम. उंच, हाडकुळी, आणि आवाज असा की ती घरात कुजबुजली तरी भिंतीपलीकडे शिंपीकाकांचा मशीनवरचा पाय थांबतो. बाबा लांब पल्ल्याच्या गाड्या चालवतात, त्यामुळे घरात सत्ता आत्याची आणि विरोधी पक्षात आई.

पाणी-माती तपासायच्या प्रयोगशाळेत आत्या तंत्रज्ञ आहे. तिथं ती शोधते ती फ्लोरिनची रसायनं. रेनकोटवरून पाणी घरंगळतं, तव्याला काही चिकटत नाही, आग विझवायचा फेस पेटत्या तेलावर सायीसारखा पसरतो, ही सगळी त्यांची करामत. एकदा मातीपाण्यात गेली की ती कुजत नाहीत, तुटत नाहीत, आणि रक्तात शिरली की वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात. प्रयोगशाळेत त्यांना लाडानं 'चिवट' म्हणतात. "आज ओढ्यात चिवट निघाले," असं आत्या जेवताना सांगते, आपण पाहुणे आले म्हणावं तसं. किती निघाले, तर पोहायचे वीस मोठे तलाव ओळीनं भरावेत आणि त्यात एक थेंब टाकावा, असल्या हिशेबात मोजायचं. पण तेवढेही शरीरात साठत जातात, आणि लहान मुलांना जास्त बाधतात.

इतकं बारीक मोजायचं म्हणजे सोवळं कडक. नमुना आणायच्या दिवशी आत्या क्रीम लावत नाही, पावडर लावत नाही, रेनकोट घालत नाही. पाऊस आला तर भिजते. कपडे जुने, धुऊन धुऊन विटलेले, मऊ करायच्या वासाच्या द्रावणात न बुडवलेले. पुडीतलं काही खायचं नाही, कारण पुडीच्या कागदावरही चिवट असतात. आई म्हणते, "वन्सं, तुमच्यापेक्षा परसातलं बुजगावणं नटलेलं असतं." आत्या म्हणते, "बुजगावण्याचा रिपोर्ट कोणी वाचत नाही."

अशा अवतारात ती लोकांच्या दारात उभी राहते आणि सरकारी आवाज काढते. तो आवाज मला हुबेहूब येतो. मान थोडी मागे, नाक बंद, आणि तीन प्रश्न: "विहीर कोणाची? किती घरं पितात? घरात सगळ्यात लहान कोण?" एका दुकानदारानं एकदा उलट विचारलं होतं, "लहान म्हणजे? वयानं की अकलेनं?" आत्यानं पापणी न हलवता सांगितलं, "वयानं. अकलेचं मशीन अजून आलेलं नाही."

आता शून्याची गोष्ट.

प्रयोगशाळा नवी होती तेव्हा पाणी शुद्ध करायचं एक यंत्र आलं, आणि त्याच्याच पोटातल्या नळ्या चिवटांच्या निघाल्या. म्हणजे राखणदारच चोर. मोठे सर, म्हणजे तिथले प्रमुख, म्हणाले, "निसर्गातलंच एखादं स्वच्छ पाणी शोधा, काय?" मोठे सर प्रत्येक वाक्याला शेवटी 'काय?' जोडतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. मग जो तो आपापल्या घरून पाणी घेऊन आला. सगळ्यांच्या पाण्यात थोडं थोडं काहीतरी होतं. आमच्या विहिरीचं पाणी मशीनमध्ये घातलं तर पडद्यावरची रेघ हललीसुद्धा नाही. त्या दिवसापासून त्या पाण्याचं नाव पडलं 'शून्य'. दर आठवड्याला आत्या जाताना बाटली भरून नेणार, आणि प्रयोगशाळेच्या दारात लोक विचारणार, "शून्य आणलंत का, मॅडम?"

कामाची रीत अशी. आधी शून्य चालवायचं. त्यात जे काही दिसेल ते पाण्याचं नव्हेच, मशीनच्या अंगचा मळ, असं धरायचं. मग तेवढं बाकीच्या प्रत्येक नमुन्यातून वजा करायचं. पुढे शुद्धीकरणाचं नवं, चांगलं यंत्र आलं, पण त्याचं पाणी बाटल्या विसळायला. शून्य आमचंच राहिलं. आम्हाला काय मिरवायला मिळालं म्हणून सांगू! आई तर पाहुण्यांना पाणी देताना म्हणायची, "प्या, प्या, प्रयोगशाळेत जातं हे."

गेल्या दोनेक वर्षांत शून्य थोडं थोडं वर सरकायला लागलं. प्रयोगशाळेत चोर पकडायची मोहीम निघाली. मोठे सर म्हणाले, "मशीनच्या नळ्याच झिरपताहेत, काय?" नळ्या बदलल्या. मग नेलपॉलिश बंद. मग एका बाईंच्या दात कोरायच्या दोऱ्याची चौकशी झाली, कारण तो दोरा म्हणे सुळसुळीत होता. चष्मिष, म्हणजे तिथं नवी लागलेली, जाड भिंगांची मुलगी, तिला चष्मा पुसायचं फडकं घरी ठेवून यायला सांगितलं. ती दिवसभर फुंकर मारून चष्मा पुसायची. आत्यानं घरी येऊन आईचा लाडका न चिकटणारा तवा परस्पर भंगारात दिला. त्यावर आई आठवडाभर तिच्याशी माझ्यामार्फत बोलत होती. "तुझ्या आत्याला सांग, जेवायला वाढलंय. करपलंय. चिकटलं होतं."

सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शून्यावर कोणी घेतला नाही. शून्यावर कोण संशय घेणार? शेवटी कंटाळून त्यांनी ठरवलं, मळ तर मळ, वजा करत राहू.

आमच्या गल्लीमागे ओढा आहे, आणि ओढ्यापलीकडे आगीच्या बंबांचं सरावाचं मैदान. तिथं टाक्यांत तेल पेटवतात आणि फेसानं विझवतात. वारा इकडचा असला की फेसाचे गोळे उडत आमच्या गल्लीत यायचे. लहानपणी आम्ही त्याच्या दाढ्या लावायचो. मी फेसाची दाढी लावून शिंपीकाका करायचे, आणि खरे शिंपीकाका खिडकीतून म्हणायचे, "दाढी बरी आहे, पण बटण चुकीचं लावलंस." आम्ही तो फेस एकमेकांच्या तोंडात कोंबलाय. आता ते आठवलं की जिभेवर काहीतरी असल्यासारखं वाटतं.

मागच्या वर्षी कोणीतरी बातमी आणली की असल्या फेसात ती न मरणारी रसायनं असतात. गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. सगळे आत्याकडे. आत्यानं गल्लीतल्या चारही विहिरींचे नमुने घेतले, आमच्या विहिरीचासुद्धा, आणि रिपोर्ट आला: काही नाही. शिंपीकाकांनी तर आपल्या विहिरीचा रिपोर्ट चौकट करून मशीनच्या वर टांगला. गिऱ्हाईक माप द्यायला आलं की आधी विहिरीचं माप ऐकायचं.

या सगळ्यात ताई आली. माझी थोरली बहीण. तिचा नवरा जहाजावर असतो, म्हणून ती बाळाला घेऊन आमच्याकडे राहते. बाळाचं नाव मोठं आहे, पण तो ढब्बू आहे. गाल खांद्यावर ठेवून झोपतो. ताईला दूध पुरत नाही, त्यामुळे पावडरचं दूध, आणि ते कालवायला पाणी.

पहिल्याच दिवशी ताई म्हणाली, "आत्या, ढब्बूच्या दुधाला विकतचं पाणी आणू का गं?"

"विकतचं?" आत्याच्या आवाजानं ढब्बू दचकला. "घरात शून्य असताना विकतचं? अगं, त्या बाटल्या मी तपासल्यात. कधी काय निघेल नेम नाही. हे पाणी माझ्या जबाबदारीवर पाज. लिहून देऊ?"

"नको. तुझं अक्षर वाचता येत नाही," ताई म्हणाली, आणि पातेल्यात विहिरीचं पाणी उकळायला ठेवलं. त्या दिवसापासून रोज.

मग आत्याचा घसा बसला. ताप तर होताच, पण आवाज गेला हे घरातलं ऐतिहासिक. शिंपीकाका काळजीनं डोकावून गेले, "काय हो, घर विकलं की काय, एवढी शांतता?" त्या आठवड्यात शून्य गेलं नाही.

सकाळी आत्या शाल गुंडाळून स्वयंपाकघरात गुळण्या करत बसली होती. ताई ओट्याशी ढब्बूची बाटली हलवत होती. ढब्बू माझ्या आईच्या मांडीवर हात नाचवत होता. फोन वाजला. आत्याला बोलवेना, म्हणून मी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

चष्मिष होती. ती स्वल्पविराम न घेता बोलते.

"मॅडम मॅडम मी काय केलं मला नाही माहीत मशीन बिघडलंय की मी बिघडवलंय तुम्ही आला नाहीत शून्य संपत आलेलं अर्धीच बाटली होती ती पुरली नसती म्हणून मी शुद्धीकरणाच्या यंत्राचं पाणी शून्य म्हणून लावलं तर रेघ सपाट मॅडम एकदम सपाट मळच नाही!"

मागून मोठ्या सरांचा आवाज, "मशीन हलवलं असणार हिनं, काय?"

"मी हात नाही लावला सर! मॅडम आणि मळ नाही म्हणजे वजा काही नाही म्हणजे नमुने सगळे वर गेले मागच्या वर्षी ज्यात काही नव्हतं ते पण वर गेले."

आत्या खरखरली, "शून्याची ती अर्धी बाटली. ती चालव."

"चालवली मॅडम."

"मग?"

आणि चष्मिष आयुष्यात पहिल्यांदा थांबली.

"मॅडम, शून्य शून्य नाहीये. सगळ्यात वर तेच आहे."

मी आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा नुसता बंद झाला, दुकानाचं शटर ओढतात तसा. आणि तेवढ्यात ताईनं ढब्बूला मांडीवर घेतलं, बाटलीचं दूध मनगटावर पाडून बघितलं, गरम नाही ना, आणि बाटलीचं तोंड त्याच्या ओठाशी नेलं.

आत्या उठली कधी ते दिसलंच नाही. बाटली ताईच्या हातातून हिसकलेली दिसली. झाकण उघडून तिनं सगळं दूध मोरीत ओतलं. ढब्बूनं आधी रिकाम्या हवेत दोनदा ओठ हलवले, मग टाहो फोडला.

"काय करतेस? उकळलेलं आहे ते!" ताई ओरडली. "चांगलं खळखळ उकळलंय!"

"उकळून मरत नाहीत ते." आत्याचा आवाज म्हणजे नुसती हवा. "जिवंतच नसतात. पाणी उडून जातं. ते मागे राहतात."

टेबलावरून चष्मिष "हॅलो मॅडम हॅलो" करत होती. फोन कोणी बंद केला नाही.

ताईचं डोकं आमच्या घरात सगळ्यात जलद चालतं. तिनं मोरीकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, खिडकीतून विहिरीकडे बघितलं. "म्हणजे आल्यापासून," ती म्हणाली. मग अगदी हळू, "आणि मी पण तेच पितेय. माझ्या दुधात?"

"ते बंद करू नको," आत्या म्हणाली. "अंगावरचं पाजच. डॉक्टरही तेच सांगतील. आधी हे पाणी बंद करायचं."

आई मला म्हणाली, "धाव, दुकानातून पाण्याची बाटली आण."

"हिरव्या झाकणाची आण," आत्या म्हणाली. "तपासलीय मी, त्यात काही नव्हतं." मी चपला घालतच होते तर तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात चटका बसावा इतका तापला होता. "थांब. त्यातूनही आपलं पाणी वजा केलंय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो उजेड नको होता. ओढा, दुकानं, गल्लीतल्या चार विहिरी, सगळ्यातून वजा. गल्लीच्या पाण्यातून गल्लीचंच पाणी वजा केल्यावर उरणार काय? काही नाही. तेच तर काकांच्या चौकटीत टांगलंय.

आत्यानं फोनकडे तोंड करून सांगितलं, "दुकानातल्या सगळ्या बाटल्या आण. नव्या यंत्राच्या पाण्याशी लाव. ज्यात खरंच नाही ती मला कळव. आधी बाळाचं काम." मग खोलीत जाऊन तिनं ते विटके कपडे घातले. अंगात ताप, बाहेर गार वारा, आणि बाई शाल काढून निघाली, कारण शाल वासाच्या द्रावणात धुतलेली होती. हात धुतले, हातमोजे चढवले, आणि परसात विहिरीशी गेली. आम्ही सगळे मागून गेलो, ढब्बूसकट.

इतकी वर्षं ती या विहिरीवरून बाटली भरायची ती येता जाता, चहाचा कप कठड्यावर ठेवून. त्या दिवशी तिनं परक्याच्या दारात उभी राहते तशी मान मागे घेतली. पण तोंड उघडेना.

"विचार ना," ताई म्हणाली. ढब्बू रडून रडून उचक्या देत होता. "सगळ्यांना विचारतेस की. आम्हालाही विचार."

"विहीर कोणाची?" आत्या म्हणाली.

"आपली."

"किती घरं पितात?"

"आपलं, आणि उन्हाळ्यात काकांची आटली की त्यांचं."

तिसरा प्रश्न येईना. वाऱ्यानं बादलीची कडी वाजत होती.

"विचार," ताई म्हणाली.

"घरात सगळ्यात लहान कोण?"

"हा," ताई म्हणाली, आणि ढब्बूला पुढे धरलं. ढब्बूला आत्या दिसली की हसायची सवय आहे. तो उचकी देता देता हसला. आत्यानं मोजे घातलेले हात पाठीमागे नेले, त्याला लागू नयेत म्हणून, आणि मग बाटली भरली.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा पिशवीत कुठल्याशा नावाच्या पाण्याच्या बाटल्या होत्या, लाल झाकणाच्या. हिरव्या झाकणात चिवट निघाले होते. नव्यानं भरलेल्या आमच्या पाण्याचा आकडा तिनं सांगितला, चालतं त्याच्या कितीतरी पट. मागच्या वर्षीचे गल्लीतल्या विहिरींचे जपून ठेवलेले नमुनेही नव्यानं चालवले होते. चारही विहिरी नापास, आणि पहिला नंबर आमचा. आईनं उंबऱ्यावरच बसकण मारली. इतक्या पाहुण्यांना तिनं प्या, प्या केलं होतं.

फोन आला. मोठे सर. मी स्पीकर लावला.

"बातमी बाहेर जाऊ देऊ नका, काय? अजून दोनतीनदा तपासू, वरती कळवू, मग रीतसर पत्र जाईल. आत्ता सांगितलंत तर लोक उगाच घाबरतील. आणि प्रयोगशाळेचं नाव आहे, तुमचंही नाव आहे, काय?"

मी सांगितलं ना, ते उत्तराची वाट बघत नाहीत. त्या दिवशी त्यांना मिळालं.

"काय म्हणजे?" आत्या म्हणाली. आवाज फाटलेला, पण भिंतीपलीकडे शिंपीकाकांचा मशीनवरचा पाय थांबला. "लोक आत्ता पाणी पिताहेत, सर. तुमचं पत्र येईपर्यंत तहान लागणार नाही का त्यांना?"

आत्यानं फोन ठेवला आणि चपला घातल्या. मी बरोबर निघाले. तिला बोलता येत नव्हतं, कोणीतरी हवं होतं मोठ्यानं सांगायला. वाटेत ती म्हणाली, "माझ्या आवाजात सांगू नकोस हं." मी म्हटलं, नाही. मला तेव्हा कोणाचाच आवाज काढता येत नव्हता.

शिंपीकाका दारातच उभे होते. "या, या! ताप उतरला? केवढ्यानं खेकसलात आत्ता, बरं वाटलं बघा. बसा. अगं ए, पाणी आण गं!" त्यांची नात पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून, जिभेचं टोक बाहेर काढून, न सांडता चालत आली. पेला आत्याला दिला. मशीनच्या वर चौकट लटकत होती, काच पुसून लख्ख.

"घ्या," काका म्हणाले. "तुम्हीच पास केलेलं आहे."

आत्या पेला धरून उभी. नातीला घरात आलेल्या पाहुण्यानं पाणी पिऊन पेला परत द्यायचा असतो एवढं ठाऊक होतं; ती हात पुढे करून थांबली होती.

"काका," आत्या म्हणाली, आणि घसा खाकरला. ती माझ्याकडे बघायला लागली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं मान हलवली. पेला खिडकीत, नातीच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचावर ठेवला. मग मशीनच्या स्टुलावर चढली, चौकट खिळ्यावरून उतरवली आणि काकांच्या हातात दिली.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "मी चुकलेय. पाणी पिऊ नका. हिला तर एक घोटही देऊ नका."

काका हसायच्या बेतात होते. त्यांची नजर आत्याच्या तोंडावरून माझ्याकडे आली. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, आत्याच्या मागे उभी राहून मी नेहमी तिची नक्कल करते. ते वाट बघत राहिले. मी काही केलं नाही, तेव्हा त्यांनी नातीला उचलून घेतलं.